न खाल्लेले समोसे

४ डिसेंबर २००६, दारव्हा
पट्ट्याला पुन्हा नवं भोक! निजामुद्दीनने ड्रिलने पाडून दिलं. त्याचं मोटार-दुरुस्तीचं दुकान. यंदा कापसाला भाव नाही, विहिरीवरची मोटार जळली तरी कोणी आणत नाही. म्हणून माझा पट्टा. "मधुभाऊ, पट्टा संपला, आता भोकंच राहिली," म्हणतो.

६ डिसेंबर
यवतमाळला डॉक्टरांकडे. जीप कापसाच्या गाड्यांमागे अडकली — उशीर.
गेल्या वर्षी यांनीच निदान केलं — सिलिअ‍ॅक. गहू माझ्या आतड्याला चालत नाही. हे कळलं सत्तरीत! तेव्हापासून ज्वारीची भाकर. तरी वजन उतरतंच आहे.
"काका, खरं सांगा. चोरून पोळी खाता?"
"नाही हो! शपथ!"
त्यांचा चेहरा पडला. मी खरं बोललो म्हणून कोणी नाराज झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. खात असतो तर बरं होतं म्हणे — कारण सापडलं असतं. पथ्य पाळूनही माणूस खंगत असेल, तर आतड्यात गाठ नाही ना, ते बघावं लागतं. या आजारात म्हाताऱ्यांना तो कॅन्सर होऊ शकतो. क्वचित, म्हणाले. नागपूरला कॅमेरा घालून बघायचं. सव्वीस तारीख.
परतीच्या जीपमध्ये आमची ही, सुमेधा, माझी औषधांची पिशवी कवटाळून बसली.

७ डिसेंबर
लहानपणी मुकुटबनला ज्वारीच. पोळी सणाला. वडील कचेरीत लागले आणि पोळी रोजची झाली. आई शेजारणीला ऐकू जाईल असं विचारायची — "अजून एक पोळी वाढू का?" ती प्रतिष्ठा मी जन्मभर खाल्ली. आता परत भाकरीवर!
शाळेतल्या कविता म्हणत बसलो. फुलं, पाखरं, चांदणं — सगळ्यांवर आहे. आतड्यावर एकाही कवीची ओळ नाही. 'कॅन्सर' द्रुतविलंबित वृत्तात मात्र चपखल बसतो, हे आज कळलं.

१० डिसेंबर
सुमेधा जेवत नाही. माझ्या ताटाकडे बघत बसते. शेवटी थाप मारली — "अगं, डॉक्टरांपुढे बोललो नाही. निजामुद्दीनच्या दुकानावर मी रोज समोसा खातो."
मग —
"रोज? लाज नाही वाटत तुम्हाले? मी इथं भाकरी थापून मरून राहिली अन् तुम्ही तिकडे समोसे हाणून राहिले!"
काय भांडली! आणि मग हसली. किती दिवसांनी! जेवलीसुद्धा.
मग तडक दुकानावर. मी मागे मागे. "भाईजान, यांना समोसे काहून चारता?" निजामुद्दीनला काही पत्ता नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, पाना खाली ठेवला. "गलती झाली भाभी. चटणी बी मीच देत होतो."

११ डिसेंबर
तिने माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. "चोर सापडला, डॉक्टरसाहेब!" तेही खूश. तीन महिने कडक पथ्य, मग बघू. नागपूर रद्द.

१७ डिसेंबर
सुमेधा कामं करता करता गुणगुणते. आणि मी? थापेने गाठ विरघळत नाही. असली, तर ती तीन महिने काही थांबायची नाही. खरं सांगावं तर हिचं हसू जातं. न सांगावं तर मी.
निजामुद्दीन म्हणाला, "समोसे माझ्या नावावर राहू द्या, मधुभाऊ. पण डॉक्टरले खरं सांगून या."

२१ डिसेंबर
एकटाच यवतमाळला जाऊन आलो. म्हटलं, डॉक्टर, समोसे खोटे होते.
"माहीत आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी काकूंचा परत फोन आला. लग्नात चुकून गव्हाचा एक घास गेला तर हे दोन दिवस उठत नाहीत, समोसे कुठले पचवतात, म्हणाल्या. वर मलाच सांगितलं, नागपूरची तारीख आहे तशी राहू द्या. फक्त यांना इतक्यात सांगू नका — फार दिवसांनी खुशीत आहेत."