मी रडत नव्हते गो

प्रिय सुरभी,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून रोह्याच्या पत्त्यावर कागदच पाठवतेय. सकाळपासून लिहायला बसते नि उठते. भांडी दोनदा घासून झाली.

माझा आवाज मधेच तुटतो ते तू ऐकलंयस. बोलायला गेले की कुणी गळा आवळल्यासारखं होतं. पेणच्या डॉक्टरांनी आधी घशाची औषधं दिली, मग टेन्शनची. शेजारच्या बायजाबाईचं आपलं वेगळंच, "नजर हाय गो, शकू!" तिने मिरच्या ओवाळून जाळल्या, ठसका लागला, आवाज तसाच. पण लग्नात धवला, आपलं लग्नविधीचं गाणं, म्हणायला उभी राहिले की गळा मोकळा. धवला म्हणणाऱ्या धवलारणीला गाता येतं, मग बोलतानाच कसलं नाटक, असं तुझे बाबासुद्धा म्हणाले. इतका राग आला मला!

शेवटी तुझ्या प्रणितदादाने मला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वाचायला लावलं, सगळं अडखळत. मग विचारलं, गाता का काही? मी हळदीचा धवला म्हटला, तर दारातून माणसं डोकावली. बाईंना तिथेच आजार कळला. मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंना चुकीचा निरोप जातो, तोही फक्त बोलताना. गाताना बहुतेकदा नाही. उपाय म्हणजे गळ्यात बोटॉक्सची सुई. काही महिने बोलणं मोकळं होतं, मग पुन्हा सुई. सुरुवातीला मात्र आवाज नुसता वारा, गाणं बंदच. तुझी मामी म्हणते, आमच्या किमयाचं लग्न होऊ दे, मग सुई घे. घरच्या लग्नात धवला कोण म्हणणार? मी ऐकलं नाही. सोमवारी सुई घ्यायला जातेय. भीती वाटतेय खूप.

तू तुझ्या मनाने आदेशशी लग्न करून गेलीस. नंतर फोनवर माझा आवाज तुटला की तुला वाटायचं, आई अजून रडतेय. मग गावातल्या नम्रताच्या हळदीत धवला म्हणतानाचा माझा व्हिडिओ पाहिलास नि म्हणालीस, लोकांसमोर गळा खणखणीत, रडगाणं फक्त माझ्यासमोर, आता फोन करू नको. मी रडत नव्हते गो. त्या दिवशी फोनवर एवढंच सांगायचं होतं, आदेश मला आवडतो, पहिल्यापासून आवडतो. तेच घशात अडकलं. आता हे मला तोंडाने सांगायचंय, न तुटता. धवला किमयाला दुसरं कुणी म्हणेल. सुईनंतर आवाज मोकळा झाला की पहिला फोन तुला करेन. तेवढा उचल.

तुझीच,
आई