गिबीनं मारलेली गाठ

व्हॉल्से बेट,
९ नोव्हेंबर

प्रिय ऑस्ला,

चहाचा डबा मिळाला. इथं वारा सुटलाय, आणि खारवलेलं मटण यंदा जरा जास्तच खारट झालंय. तू फोनवर म्हणालीस, "नोकरीनं पुरतं बांधून टाकलंय गं, येणं जमत नाही." मी रागावले नाही. आपल्याकडे हा एकच शब्द सगळीकडे चालतो. बोट धक्क्याला बांधायची, कुत्रं बांधायचं, उरलंसुरलं सामानही बांधून टाकायचं. हल्ली तो शब्द कानावर पडला की मी विषय बदलते.

तुझा गिबीदादा बरा आहे असं मागे लिहिलं होतं. तो बरा नाही. बोट विकलेली त्याच्या लक्षातच राहत नाही. वारा वाढला की "बोट बांधायची राहिली" म्हणत धक्क्याकडे धावतो. मंगळवारी शेजाऱ्यानं त्याला कमरेइतक्या पाण्यातून ओढून आणलं. मग दाराला कुलूप लावलं, तर यानं खिडकीची काच फोडली.

म्हणून मी त्याला खुर्चीला बांधलं. लिहिलं बाई एकदाचं.

त्यानं कमरेची गाठ चाचपली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर म्हणाला, "ही कुणी मारली गं मिमा? पहिल्या लाटेला सुटेल. सरक." त्यानं ती सोडली, दोरी स्वतःभोवती करकचून आवळली आणि बोटीला मारतात तशी पक्की गाठ मारली. "आता कुठं जात नाही ती," म्हणाला आणि दुपारभर शांत बसून राहिला. इतका खूश तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

मी स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले. आणि दुसऱ्या दिवशी, ऑस्ला, दोरी मीच त्याच्या हातात दिली. रोज देते. त्याच्या कमरेवर वळ उठलेत.

सोमवारी नर्स येणार आहे. वळ दिसले तर ती त्याला मोठ्या बेटावरच्या वृद्धाश्रमात पाठवेल. त्याला पाठवायचं म्हटलं की जीव जातो, आणि आता सांभाळवतही नाही. वळ दाखवायलाच हवेत, एवढं कळतं मला.

पण त्याचा स्वेटर लांब आहे. तू शेजारी नसलीस तर मी तो खाली ओढीन. त्याआधी ये.

तुझ्याकडे आजवर काहीच न मागितलेली तुझी वहिनी,
मिमा