बिबा उतला

नागपूर, ११ डिसेंबर १९७४, संध्याकाळ

सुमी आज काटोलच्या बसने एकटीच आली. लग्नाला वर्षही झालं नाही, आणि पोरीच्या पापण्या अशा सुजलेल्या की डोळ्यांची नुसती फट उरलेली. डबा पोटाशी धरून दारात उभी. मला वाटलं, रात्रभर रडली असणार. बापाला दुसरं काय वाटणार?

पाणीसुद्धा न विचारता म्हटलं, "काय केलं वं तुले त्यांनी? मी आत्ताच जातो काटोलले."

ती हसायलाच लागली. हसताना पापण्या आणखी मिटल्या. "बाबा, काहून तापून राहिले? बिबा उतला मले. सासूबाई सांगत होत्या, फोडायच्या आधी हाताले तेल लाव. मी ऐकलंच नाही. बिब्याचं तेल कातडीले भाजते, अन् तोच हात डोळ्याले लागला."

पण हिला बिबे फोडायची गरजच काय होती? डबा उघडला तेव्हा कळलं. गोडंबीचे लाडू. गोडंबी बिब्याच्या पोटातच असते ना. तिची आई गेल्यापासून थंडीत हे लाडू या घरात झालेच नव्हते. मी कधी बोललोही नाही. तिने कसं ओळखलं?

आता त्या पापण्यांवर खोबरेल लावून ती पडली आहे. बाटली सासूबाईंनीच बरोबर दिलेली. आणि मी त्या बाईशी भांडायला निघालो होतो.

एक लाडू खाल्ला. थेट तिच्या आईच्या हातचा.

सकाळी माझ्या पापण्या सुजलेल्या दिसल्या आणि सुमीने विचारलं, तर सांगेन, मलेही बिबा उतला.