घोट्यातली पट्टी

प्रिय चिमे,

आज तुझ्या हातात दोन पाकिटं एकदम पडली असतील. एक खाकी, छापील पत्त्याचं, आमच्या कंपनीच्या शिक्क्याचं. दुसरं हे. खाकी आधी फोडलं असलंस तर आतला कागद तसाच बाजूला ठेव, पेनला हात लावू नकोस आणि हे शेवटपर्यंत वाच. ताईने सांगितलं की ऐकायचं, ही तुझी जुनी खोड. आज ती माझ्या उपयोगी पडू दे. निदान पत्र वाचून होईपर्यंत.

खुशाली आधी सांगते, म्हणजे पत्र पत्रासारखं दिसेल. गुडघे कुरकुरतात, बाकी मी ठणठणीत आहे. जेवण अजून ओट्यापाशी उभ्यानेच उरकते. मोठी बातमी अशी की येत्या एक तारखेपासून मी संशोधन विभागाची संचालक. आमचे मोठे साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि वाकून म्हणाले, "आता तरी वरच्या मजल्यावर या बाई, किती दिवस खाली बाटल्या हलवत बसणार?" वरची खोली दोन खिडक्यांची आहे. खाली प्रवेशद्वारात माझा फोटोही लागलाय, त्यात मी नुकतंच कच्चं लिंबू चोखल्यासारखी दिसते. आई असती तर येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून तो दाखवला असता. तू काय करशील ते मला माहीत नाही. तुला काय वाटतं हे मी कधी विचारलंच नाही.

तुला आईची फणी आठवते? हिरवी, दोन दात तुटलेली. मी नऊ वर्षांची होते, तू पाच. ही वस्तू आतून कशाची केलेली असते हे मला बघायचं होतं, म्हणून मी ती दुधाच्या पातेल्यात घालून गॅसवर ठेवली. ती आधी वाकली, मग लोळागोळा झाली आणि पातेल्याच्या बुडाला अशी चिकटली की घरभर वास. त्या वासाने मला वेड लावलं. घट्ट वस्तू मऊ होते, मऊ झालेली पुन्हा घट्ट होते, आणि मधे कधीतरी ती आपलं ऐकते. माझ्या सगळ्या कारकिर्दीची सुरुवात त्या पातेल्यात आहे. भाषणात मी हा किस्सा सांगते, लोक हसतात. पुढचं मात्र सांगत नाही. आई धावत आली, कुणी केलं म्हणून ओरडली, आणि मी तुझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, बोलले काहीच नाही. आईने तुला विचारलं, "तू केलंस?" आणि तू म्हणालीस, "हो." तुझा हात गॅसच्या बटणापर्यंत पोचतही नव्हता. आईच्या ते लक्षात आलं नाही, तिने तुझ्या पाठीत दोन धपाटे घातले. तू रडलीस, पण माझं नाव घेतलं नाहीस. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, चिमे. सोय झाली असं वाटलं.

नंतरचं तुला तुकड्यातुकड्याने माहीत आहे. बादल्यांच्या कारखान्यातली माझी पहिली नोकरी, जिथे दोन वर्षं मला यंत्राला हात लावू देत नव्हते आणि चहा मात्र माझ्याच हातचा लागायचा. घरी आले की तू माझ्या केसांतून तो वास धुऊन काढायचीस. मग शिष्यवृत्ती, मग संशोधन संस्था, मग ही कंपनी. सगळं जग न मोडणारं, न कुजणारं प्लास्टिक बनवत होतं आणि मी हट्टाला पेटले होते की मला संपणारं हवं. शरीरात जावं, हाड जुळेपर्यंत नेटाने काम करावं आणि मग शहाण्या पाहुण्यासारखं आपणहून उठावं. लोखंडाची पट्टी घातली की ती काढायला पुन्हा चिरफाड. माझी पट्टी काढावी लागणार नव्हती. ती पाण्यात हळूहळू विरघळते. तिच्यातल्या लांबलांब साखळ्या तुटत जातात आणि शेवटी जे उरतं ते शरीर धुऊन टाकतं. बारा आठवडे ताकद टिकायची, दोन वर्षांत नामोनिशाण नाही. लग्न केलं नाही, घर केलं नाही, ही एक पट्टी केली. तीन सेंटिमीटरची.

आणि मग आई स्टुलावरून पडली. बरणी काढायला चढली होती आणि घोटा मोडून घेतला. सर्जन म्हणाले, या वयात स्टीलचीच घालू, आजमावलेली आहे. मीच त्यांच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसले. परवानगी हातात होती, पहिल्या खेपेतल्या पट्ट्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, आणि माझ्या आईच्या पायात दुसऱ्या कुणाची पट्टी जाणार हे मला सहन होणारं नव्हतं. आई तर हरखूनच गेली. भूल द्यायला आलेल्या डॉक्टरलासुद्धा तिने सांगितलं, "माझ्या लेकीने केलेली पट्टी आहे हो, जपून." ही लेक मग चौथ्या दिवशी कामावर परतली, आणि दुसरी लेक बिनपगारी रजा टाकून घरी राहिली. आठ आठवडे पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही, हे मी तुला कागदावर लिहून दिलं होतं. खाली दोन रेघाही ओढल्या होत्या.

सहाव्या आठवड्यातल्या त्या सकाळी समोरच्या घरात नवं बिऱ्हाड येत होतं आणि आईला त्यांचं सामान बघायचं होतं. पलंगावरून खिडकी दिसत नव्हती. तिने तुझ्यामागे टुमणं लावलं, कपाट तरी बघू दे, आरसा तरी बघू दे. शेवटी तू तिच्या काखेत हात घालून तिला उभी केलीस. पलंगापासून खिडकीपर्यंत चार पावलं. ही चार पावलं तू मला, सर्जनना, शेजाऱ्यांना, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला इतक्यांदा सांगितलीस की मला ती डोळ्यांनी बघितल्यासारखी आठवतात. तिसऱ्या दिवशी घोटा पुन्हा सरकला. तू फोन केलास, रडत होतीस. मी म्हणाले, थांब, दहा मिनिटांनी करते. दहा मिनिटांनी केला आणि म्हणाले, "एवढं एक काम दिलं होतं तुला. सहा आठवडे एक म्हातारी सांभाळता आली नाही?" तू फोन ठेवलास. त्यानंतर आजतागायत तू माझ्याशी मोठ्याने बोललेली नाहीस.

पुढची दोन वर्षं तू काढलीस, मी ऐकली. दुसरी शस्त्रक्रिया, न भरणारी जखम, मग आईचं अंथरूण. नकाशांच्या ऑफिसातली तुझी नोकरी गेली. तुझा हात इतका सुबक होता की तुझ्या रेघेवर फूटपट्टी ठेवून बघायचे म्हणे. तुझं ज्याच्याशी ठरलं होतं तो घड्याळजी दीड वर्ष थांबला. दर रविवारी यायचा, आईच्या उशाजवळचं घड्याळ उगाच उघडून पुसायचा आणि जायचा. मग त्याने दुसरीकडे संसार मांडला. मी तेव्हा म्हणाले होते, घड्याळजीच तो, वेळ संपली हे त्याला बरोबर कळलं. माझ्या जिभेला हाड नाही. तू त्यावर हसलीस, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आई शेवटपर्यंत प्रत्येकाला सांगायची, चिमीचा दोष नाही हो, मीच हट्ट केला. ती बिचारी तुला वाचवायला बोलायची आणि दरवेळी खापर पुन्हा तुझ्याच डोक्यावर फुटायचं. मी तिथेच खुर्चीवर बसलेली असायचे, तोंडात मूग धरून.

आता ती दहा मिनिटं सांगते. आईची शस्त्रक्रिया झाली त्याच दिवशी मी त्याच खेपेतली एक जादा पट्टी बाटलीत टाकून शरीराच्या उष्णतेवर ठेवली होती. कामाचा भाग म्हणून नव्हे. आईच्या पायातली आणि माझ्याजवळची अशा दोघी बरोबर राहतील, असला काहीतरी हळवेपणा. तुझा फोन आला तेव्हा मी जाऊन ती बाटली उघडली. पट्टी चिमट्याने उचलली, दोन बोटांत धरली आणि जरा वाकवली. तिचे दोन तुकडे झाले, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे. चिमे, तिच्यावर कुणी चार पावलं टाकली नव्हती. ती सहा आठवडे नुसती पाण्यात पडून होती.

कारण मला उभ्याउभ्याच कळलं. शरीरात घालायच्या आधी पट्टी निर्जंतुक करावी लागते आणि आम्ही ती किरणांनी करत होतो. किरणं जंतू मारतात, तशा त्या साखळ्याही तोडतात. पहिल्या दिवशी पट्टी तितकीच कणखर वाटते, फरक पुढे पाण्यात गेल्यावर पडतो. बारा आठवड्यांची चाचणी मी ज्या तुकड्यांवर केली त्यांना किरणं दिलेलीच नव्हती. किरणांचं यंत्र दुसऱ्या गावी होतं, नंबर लागायला दोन महिने, अहवालाची तारीख डोक्यावर. फरक पडून पडून किती पडेल, असं म्हणून मी न दिलेल्या तुकड्यांचे आकडे लिहिले. नव्वद बाटल्या होत्या आणि एकीतही खरा तुकडा नव्हता. बारा आठवडे टिकणारी वस्तू पाचात संपत होती. आई उभी राहिली नसती तरी घोटा सरकला असता. पट्टी ठीक असती तर चार काय, खिडकीपाशी तासभर उभं राहून तिने समोरच्यांची भांडीसुद्धा मोजली असती.

हे सगळं कळल्यावर मी बाटली धुतली, जागेवर ठेवली आणि तुला फोन करून ते वाक्य बोलले. घाबरून तोंडातून निसटलं असं म्हणाले असते, पण तसं नाही. मी शब्द जुळवून घेतले होते.

पुढच्या वर्षी मी किरणं बंद करून निर्जंतुक करण्यासाठी गॅस वापरायला लावला, कारण सांगितलं खर्चाचं. तेव्हापासूनच्या पट्ट्या उत्तम आहेत. त्यांच्यावरच माझं नाव झालं. आईच्या पायाने मला शिकवलं आणि त्याची फी तू भरलीस. पहिल्या खेपेतल्या एक्केचाळीस माणसांचं काय झालं ते मी विचारलं नाही. माणसं आपापल्या घरी लंगडत राहिली असतील, आणि प्रत्येक घरात एखादी चिमी असेल.

मागच्या महिन्यात एका लांबच्या रुग्णालयातल्या सर्जनने निवृत्त होताना कपाट आवरलं. त्यात जपून ठेवलेल्या तीन मोडक्या पट्ट्या निघाल्या, तिन्ही त्याच खेपेतल्या. त्याचं पत्र आलं आणि कंपनीने समिती नेमली. पट्टीची माहिती माझ्याइतकी कुणाला? म्हणून एक्केचाळीस घरांना पाठवायची प्रश्नावली तयार करायचं काम माझ्याकडे दिलं. खाकी पाकिटातला कागद तो. सातवा प्रश्न बघ. 'शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांच्या आत रुग्णाने त्या पायावर वजन टाकलं होतं का?' पुढे दोन चौकटी, हो आणि नाही. किती पावलं, कुणाच्या आधाराने, हे लिहायला जागा नाही. ती मी ठेवली नाही. आठ आठवडे पाय अधांतरी धरून कुणी राहत नाही, तेव्हा जो खरं बोलतो तो इथे 'हो'वरच खूण करणार. एक्केचाळीस हो जमले की फाईल बंद आणि मी दोन खिडक्यांच्या खोलीत. यादीत सतरावं नाव आईचं होतं आणि उत्तर कुणी द्यायचं त्या जागी तुझं. ते मीच टाइप केलं.

सोबतच्या पुडीत माझ्या बाटलीतल्या त्या पट्टीचे दोन तुकडे आहेत. कोरडे ठेवल्यामुळे टिकले, वर माझ्या अक्षरात खेप आणि तारीख आहे. हे पत्र आणि पुडी प्रश्नावलीला टाचून पाठवलीस तर माझं सगळं संपलं. 'हो'वर खूण करून हे फाडून टाकलंस तर कुणाला काही कळणार नाही, आणि ते खोटंही ठरणार नाही, कारण चार पावलं तर झालीच होती. समिती वरच्याच मजल्यावर बसते. बत्तीस पायऱ्या चढून मी परवा हे पाकीट घेऊन त्या दारापर्यंत गेले होते. आतून चमच्यांचे आवाज येत होते, चहा चालला असावा. मी परत खाली आले आणि त्यावर तुझा पत्ता घातला. फणीच्या वेळी केलं तेच पुन्हा करतेय, फक्त या वेळी तुझ्याकडे नुसतं बघत नाही, तोंडाने सांगतेय. तू पुन्हा 'हो' म्हणशील याची मला भीती वाटते, चिमे, आणि खरं सांगायचं तर तशी आशाही वाटते. उत्तराची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. परतीच्या पाकिटावर तिकीट मी लावलेलं आहे.

तू काहीही केलंस तरी तुझीच,
ताई