टाळूवरचं तेल

आई, आज तुझ्यावर थोडी चिडूनच लिहायला बसलेय. बाळंतपणाला मी मालाडच्या आपल्या खोलीत आले होते. गिरण्यांचा संप चालू, बाबा दिवसभर घरात, आणि त्यांच्यावर ओरडून ओरडून तुझा घसा बसलेला. रोज आंघोळीआधी तू बाळाला पायांवर घ्यायचीस आणि कोमट खोबरेल त्याच्या टाळूत जिरवायचीस. तिथला खड्डा लवकर भरावा, हा एकच ध्यास. मग एका सकाळी तू हाक मारतेस, "हयसर ये गो, टाळू बघ कशी भरान इली!" मी बघते, तर खरंच वर आलेली. तू शेजारीपाजारी गूळ वाटतेस. बाळ दूध ओढत नाही, नुसतं कण्हतंय, तर म्हणतेस, "निजांदे तेका." दुसऱ्या दिवशी त्याने डोळे फिरवले, तेव्हा कुठे आपण धावलो.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मेंदूच्या आवरणाला सूज आलीय म्हणाले, आतल्या दाबानेच टाळू फुगलीय. तू मला बाजूला ओढून विचारलंस, "माझ्या तेलानं झालां काय गो?" मी लगेच म्हटलं, "नाही गं, डॉक्टरच म्हणाले, तेल आत जात नाही." तुला ते पटलं नाही. पोरगा वाचला, एका कानाने बहिरा झाला, आणि तू पुन्हा कुणाच्या तान्ह्या बाळाला हात लावला नाहीस. माझ्या धाकटीलाही नाही. ती तुझ्याकडे झेपावायची आणि तू पदराला हात पुसत आत निघून जायचीस.

पुढे मी मिळेल ते वाचत गेले. तान्ह्यांना या सुजेचे जंतू बहुतेकदा आईकडूनच लागतात, जन्माच्या वाटेवर. जरा मोठ्या मुलांना नाकाघशातले, म्हाताऱ्यांना बरेचदा न्यूमोनियाचेच. बुरशीसुद्धा असते, ती अशक्त माणसाला गाठते आणि कितीतरी आठवडे नुसतं डोकं दुखवते. म्हणजे तुझं तेल नव्हतंच, असलंच तर माझं अंग. तरी जिवाला चैन नाही. गुळाचा तो वाया गेलेला दिवस आपल्या दोघींचा होता, तो तू एकटीने अंगावर का घेतलास? मला राग येतो तो याचाच.

तू गेल्यावर हे कुठे पाठवणार, राहील इथेच. एक मात्र सांगते. त्या दिवशी मी डॉक्टरांना तेलाचं विचारलंच नव्हतं. ते हो म्हणतील, याची मला तुझ्याइतकीच भीती वाटत होती.