अस्वलाचा डबा आणि माझं नेलकटर

तीर्थस्वरूप शरयूताईस,

अमेरिकेतल्या श्रूजबरीहून धाकट्या राजाचा नमस्कार पोचावा. तुझा गुडघा आणि त्यावर बसणारं मांजर, दोघंही सुखरूप असोत. (पत्राचे फोटो काढून तुझ्या नकुलच्या फोनवर पाठवतोय, तो मोठ्याने वाचून दाखवील. नकुल, मामाच्या पत्रात स्वल्पविराम असतात, त्यांचा मान ठेव.)

इकडे सौमित्र आणि सूनबाई दिवसभर घरातच मीटिंगमध्ये असतात, त्यामुळे मी स्वयंपाकघरात चोरासारखा वावरतो. आपली अनिका ऑगस्टअखेर कॉलेजात राहायला जाणार. ती निघेल त्याच रविवारी माझंही परतीचं विमान, म्हणजे आजोबा-नातीने एकदमच घर सोडायचं, असा सुरेख बेत होता. तो मोडला एका शब्दाने: प्री-ओरिएंटेशन. ओरिएंटेशन म्हणजे नव्या मुलांना दिशा दाखवणं, हे समजलं. प्री म्हणजे त्याच्याही आधी. थोडक्यात, दिशा कळण्यापूर्वीच पोरांनी कुठेतरी निघायचं. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. पाठीवर सामान घेऊन डोंगरात तंबूत राहायचं, नाहीतर शहरातल्या शाळांच्या भिंती रंगवायच्या, नाहीतर घरी बसून कॉम्प्युटरवर बाकीच्या मुलांशी ओळखी करायच्या. पहिल्या दोन्हींसाठी घर आठवडाभर आधी सोडायचं, तिसरीसाठी खुर्चीसुद्धा सोडायला नको.

मी अर्थातच अगदी निःपक्षपातीपणे तिसरीची बाजू घेतली. पडद्यावर दव, झरा, पाखरं सगळं दिसतं आणि डास चावत नाहीत, असं म्हटलं. तिच्या खोलीची एक भिंत शाळेपासून अर्धीच रंगलेली आहे, याचीही आठवण दिली. शेवटी अस्वलांवर आलो. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आजोबा, यू आर सो बायस्ड. कारमध्ये मला सगळ्या कविता कोणी शिकवल्या? प्रत्येक कवितेत जंगल. एकीत तरी लॅपटॉप आहे?"

ताई, माझ्याच कवितांनी मला पाडलं. (आपण तरी जंगल कुठे पाहिलं होतं? वर्गाच्या खिडकीतून एसटी स्टँड दिसायचा. पण बाईंनी 'निर्झर' म्हटलं की डिझेलचा वाससुद्धा ओला वाटायचा.)

तरी शेवटचा प्रयत्न म्हणून तिची भरलेली सॅक मी पाठीवर घेतली. वजन काय असतं ते दाखवायचं होतं. घरामागच्या तळ्यापर्यंत पोचलो, पाणी बघून एक ओळ आठवली, ती निवांत म्हणावी म्हणून बाकावर टेकायला गेलो. बाकावर सॅक आधी पोचली, तिथून घसरली, आणि मी गवतात कासवासारखा उताणा. इथल्या रानटी टर्की (मोराचे गरीब नातेवाईक म्हण) भोवती जमल्या. अख्खी कविता ऐकूनही एकीनेही हात दिला नाही. अनिकाने येऊन पट्टे सोडवले. तिथे अजिबात हसली नाही, घरी जाऊन हसली.

डोंगरात खाणं ठेवायला तिने एक जाड प्लॅस्टिकचा डबा आणलाय. अस्वलालाही उघडत नाही अशी त्याची ख्याती. वासाची प्रत्येक वस्तू, अगदी टूथपेस्टसुद्धा, त्यातच ठेवायची. (या हिशेबाने अमृतांजन लावलेला मी त्यात मावायला हवा.) मी चाचणीसाठी चहाबरोबरचे बेसनाचे लाडू आत ठेवून झाकण फिरवलं, आणि अस्वलात नि माझ्यात फरक नाही हे कळलं. झाकणावरची खाच नाण्याने फिरवायची असते, आणि या घरात सगळे फोनने पैसे देतात, नाणं सापडेना. शेवटी तू दिलेलं माझं जुनं नेलकटर काढलं. त्याची कानस खाचेत बसली आणि टक्कन झाकण सुटलं. अनिका म्हणाली, "हे मी घेऊन जाणार." म्हणजे डोंगराचं ठरलंच होतं. मग जमिनीवर बसूनच आम्ही लाडू संपवले.

मला आनंदच आहे. या वयात पोरांनी जायचंच असतं.

तुझा,
राजा

ता. क. नकुल, एवढं ताईला वाचून न दाखवता कर. माझं तिकीट तूच काढलंस, ते आठवडाभर अलीकडे आण. इथे ऑगस्टमध्ये फार गारठा पडतो. (पडत नाही. पण ती गेल्यावर तिच्या रिकाम्या खोलीवरून रोज चहाचा कप घेऊन जायचं मला जमणार नाही.)

पुन्हा ता. क. तिकिटाला हात लावू नकोस. लवकर जातो म्हणून अनिकाला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मग नेलकटर परत कोणाला देऊ?" डोंगर उतरून ती थेट कॉलेजात येणार. त्या रविवारी तिचं उरलेलं सामान घेऊन आम्ही तिकडे जायचं, मी माझी वस्तू ताब्यात घ्यायची आणि मगच विमानतळ गाठायचा, असा तिचा हुकूम आहे. तोवर नखं वाढू देणं आलं. हे मात्र ताईला मोठ्याने वाच.