प्रायव्हेट मेथड ‘ठकीसाठी’

३ मार्च, सोमवार

आज सकाळी अकराच्या सुमारास ती टॉपरच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून त्याच्या स्क्रीनकडे बघत खळखळून हसली. त्या क्षणापासून मी पूर्वीचा राहिलेलो नाही. नोंद करून ठेवतो. पुढे माझ्या आयुष्यात जे काही होईल (यश, सूड, कदाचित लग्न) त्याची सुरुवात इथे झाली.

टॉपर म्हणजे ऑफिसात नवा आलेला डिग्रीवाला. कॉलेजात पहिला आला होता असं ऑफिसच्या सरांनी दोनदा सांगितलं, म्हणून हे नाव मी ठेवलं. ती म्हणजे टेस्टर. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हे तिचं काम. माझ्या कामात ती रोज पाच-सहा तरी काढते. याला मी जवळीक मानतो. टॉपरच्या कामात तिला आठवड्यात एक सापडत नाही. मग त्याच्या खुर्चीपाशी काय ठेवलंय?

तळपायाची आग मस्तकात गेली. उठलो, बाहेर गेलो, दार आपटलं. पण ऑफिसचं दार काचेचं, आणि वर तो तेलाचा दांडा बसवलेला. कितीही जोरात ढकला, शेवटी ते सुस्कारा टाकत सावकाशच लागतं. ते लागेपर्यंत मी बाहेर रागाने उभा होतो. ती आतून बघत होती.

संकल्प: तिच्याशी आठवडाभर बोलायचं नाही.

४ मार्च

बोललो. पण सुरुवात तिची. म्हणाली, प्रोग्रॅममधलं तुझं तारखेचं पान अजून मधेच बंद पडतंय, बघ ना जरा. आवाजात काळजी होती.

जेवताना बाबा म्हणाले, राहिलेली दोन वर्षं पूर्ण करून टाक. मी त्यांना शांतपणे सांगितलं की कॉलेजला जे देता येत नाही ते मला हवंय. ते म्हणाले, म्हणजे नक्की काय? आई म्हणाली, जेवू दे त्याला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने ‘असं का होतं?’ विचारलं आणि मी ‘पुस्तकात बघा’ म्हणालो, एवढंच कॉलेज सोडण्याचं कारण होतं हे ताई ज्याला त्याला सांगत सुटते. कारण खूप खोल आहे. नीट मांडायला वेळ मिळालेला नाही.

६ मार्च

आम्ही दातांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करतो. अपॉइंटमेंट द्यायची, आदल्या दिवशी पेशंटच्या मोबाइलवर आठवण पाठवायची. त्यातला मेसेज पाठवण्याचा भाग सरांनी टॉपरला दिला. (मी तारखेच्या पानावर आहे. तारखेशिवाय आठवण कसली? पण असो.)

टॉपरने तो भाग आज सगळ्यांना बंद डब्यासारखा दिला. वापरता येतो, आत काय लिहिलंय ते दिसत नाही. मी म्हणालो, आतलं दाखव. तो म्हणाला, अजून कच्चं आहे रे, पक्कं झालं की देतो, तोवर बाहेरून वापर की.

बाहेरून. म्हणजे मी बाहेरचा. गोड बोलून माणूस केवढं बोलून जातो.

७ मार्च

शोध लागला. रिफ्लेक्शन. कॉलेजात हा भाग चौथ्या वर्षाला होता, म्हणजे कॉलेज सोडूनही मी कॉलेजच्या पुढे आहे.

गोष्ट अशी. चालू प्रोग्रॅममधल्या एखाद्या ऑब्जेक्टला, म्हणजे त्याच्या एका तुकड्याला, विचारता येतं की बाबा रे, तुझ्या पोटात कायकाय मेथड, म्हणजे नेमून दिलेली कामं, आहेत? तुला काय करता येतं? तो निमूट सगळी नावं सांगतो. प्रायव्हेट मेथडचीसुद्धा. प्रायव्हेट म्हणजे बाहेरच्याने हात लावायचा नाही अशी पाटी. पण ती नुसती पाटी. एक ओळ लिहिली की कुलूप निघतं आणि नावाने हाक मारून ती मेथड चालवताही येते. बंद डबा दिलास काय, टॉपर?

रात्रभर झोप लागली नसती, पण लागली.

१० मार्च, सोमवार

डब्याकडे वळण्याआधी तंत्र माणसावर वापरून बघितलं. तिच्यावर. थेट विचारणं ही सामान्य लोकांची पद्धत झाली. मी एकेक मेथड चालवून काय परत येतं ते बघणार.

विनोद सांगितला. परत काही आलं नाही. कॉफी नेऊन ठेवली. अरे, मी आत्ताच घेतली, म्हणाली. मग ती कॉफी टॉपर प्यायला. माझ्यासमोर. वर थँक्यू म्हणाला.

दुपारी तिच्या आईचा फोन आला. फोनचा आवाज मोठा होता, मी ऐकायला गेलो नव्हतो, फक्त प्रिंटरपाशी थांबलो होतो. आई तिला ‘ठकी’ म्हणते. ठकी! तिचं हे घरचं नाव ऑफिसात फक्त मला माहीत आहे. आज मी टॉपरच्या पुढे आहे.

११ मार्च

मी टॉपरच्या पुढे नाही.

डब्यावर रिफ्लेक्शन लावलं. मेथडची नावं भराभर स्क्रीनवर उतरली. मेसेज पाठव, नंबर तपास, पुन्हा प्रयत्न कर, सगळी रटाळ, इंग्रजी. आणि शेवटी, प्रायव्हेट, रोमन अक्षरांत: ठकीसाठी.

पाणी प्यायलो. परत बघितलं. ठकीसाठीच होतं.

म्हणजे नाव त्यालाही माहीत आहे. नुसतं माहीत नाही, तिच्यासाठी त्याने काहीतरी केलंय, आणि ते दातांच्या प्रोग्रॅममध्ये लपवून ठेवलंय, जिथे कुणी बघणार नाही. मी असतो तर मीही हेच केलं असतं. म्हणून जास्त राग आला.

अडचण एकच. रिफ्लेक्शनने मेथडचं नाव कळतं, तिला काय द्यावं लागतं ते कळतं (हिला काही द्यावं लागत नाही), ती काय परत देते ते कळतं (काहीच नाही). आत काय लिहिलंय ते कळत नाही. ते कळायला ती चालवावी लागते.

१२ मार्च

ताईला सगळं सांगितलं, मित्राची गोष्ट म्हणून. ताई म्हणाली, तुझ्या त्या मित्राला म्हणावं, जाऊन सरळ विचार तिला, जेवायला येतेस का. तिला नातेसंबंधांतलं काही कळत नाही. लग्न झाल्यावर माणसाची धार जाते.

ऑफिसात ती टॉपरला म्हणाली, माझं ते बघून झालं का रे? तो म्हणाला, झालंय, उद्या चालवून बघू. एवढं सांगून दोघं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड. सरांनी विचारलं, तुला बरं नाही का? मी म्हणालो, दात दुखतोय. आपल्याच डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे म्हणाले. इथे प्रत्येकाला विनोद सुचतो, फक्त माझे चालत नाहीत.

१३ मार्च, सकाळ

त्याच डॉक्टरांचा फोन होता, तारीख चुकीची दिसतेय म्हणून. माझं पान. आम्ही नेहमी खोट्या पेशंटांच्या यादीवर काम करतो, पण ही चूक बघायला मला डॉक्टरांच्या खऱ्या यादीला जोडावं लागलं. चूक दहा मिनिटांत काढली. टॉपर जाता जाता म्हणाला, झालं की परत खोट्या यादीवर ये हं, विसरशील.

विसरशील! मी काय दूधखुळा आहे? मुद्दाम लगेच गेलो नाही. त्याने सांगितलं म्हणून गेलो असं व्हायला नको.

१३ मार्च, दुपार

जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले. ते दोघंही. मी ठकीसाठी चालवली.

काही झालं नाही. स्क्रीन तशीच. पुन्हा चालवली. काही नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात एंटर दाबून चालवली. काही नाही.

मेथड रिकामी आहे. पोकळ. टॉपर तिला काहीतरी आहे असं भासवतोय आणि आत काहीच नाही. अशा माणसापासून तिला वाचवणं हे आता माझं कर्तव्य आहे. किती हलकं वाटतंय. घरी जाताना तिला पहिल्यांदा मोकळेपणाने ‘उद्या भेटू’ म्हणालो. तीही म्हणाली, हो. आवाजात आश्चर्य होतं, पण चांगलं.

१४ मार्च, शुक्रवार, जिन्यात

घात झाला.

सकाळपासून फोन थांबत नाहीयेत. डॉक्टरांच्या प्रत्येक पेशंटला काल दुपारी मेसेज गेला: ‘उद्या येऊ नका. आज डॉक्टरांचाच दात दुखतोय. तुमचाही दुखत असेल तर आपापल्या घरी बसून सोबत रडू.’ प्रत्येकाला तीनदा.

आज दवाखाना ओस. डॉक्टर पांढरा कोट घालून एकटे बसलेत. एक आजोबा तेवढे आले, तेही लवंगा घेऊन, डॉक्टरांची विचारपूस करायला. एका बाईने डॉक्टरांना फोन करून दातांचा दुसरा चांगला डॉक्टर सुचवला. डॉक्टर सरांना म्हणाले, वीस वर्षांत माझी कुणी एवढी काळजी केली नव्हती, आता तुमच्याशी काम बंद.

सर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, हे वाक्य कुणाचं?

ती उभी राहिली. म्हणाली, माझं. चेहरा पांढराफटक. ती सध्या टॉपरकडून प्रोग्रॅमिंग शिकतेय. ती मेथड तिनेच लिहिली, तिची पहिली. खोट्या यादीतल्या सगळ्यांना एकदम मेसेज जातो का ते तपासायला. घरचं नाव दिलं, कारण कुणी बाहेरून हात लावणार नव्हतं. सर म्हणाले, मग खऱ्या यादीवर गेलं कसं? ती म्हणाली, मला खरंच माहीत नाही, सर. सर म्हणाले, संध्याकाळपर्यंत शोधा, नाहीतर सोमवारपासून तू येऊ नकोस.

मी जिन्यात येऊन बसलोय. विचार केला. एकच मार्ग आहे. तिच्यासाठी हा गुन्हा मी माझ्या अंगावर घेणार. माझी नोकरी गेली तरी चालेल. असं कुणी कुणासाठी करत नाही. टॉपर तर नाहीच. सोबत राजीनामाही लिहिलाय. भाषा अशी जमलीय की वाचताना माझेच डोळे भरून आले. तिलाही एक प्रत द्यावी का?

१४ मार्च, संध्याकाळ

केबिनमध्ये ती, टॉपर आणि सर. मी आत गेलो आणि म्हणालो, सर, हिला काही बोलू नका, हा दोष मी स्वतःच्या अंगावर घेतो.

सर म्हणाले, घेतोस काय? अंगावरच आहे तुझ्या.

स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कुणी काय कधी चालवलं ते प्रोग्रॅम आपणहून लिहून ठेवतो. माझं नाव. एकाखाली एक, तीनदा. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी लक्षात नव्हतं.

ती माझ्याकडे बघत होती. पानावर चूक सापडली की बघते तशी नाही, वेगळी.

टॉपर म्हणाला, सर, थोडी चूक माझीपण, तपासणीची मेथड डब्यात ठेवायला नको होती. हा माणूस मला चूकसुद्धा एकट्याला करू देत नाही.

राजीनामा टेबलावर ठेवला. सर न वाचता म्हणाले, राहू दे तिथे, आधी उद्या येऊन एकेका पेशंटला फोन करून माफी माग. वाक्य हिचं आहे, हीपण बसेल.

म्हणजे उद्या दिवसभर मी आणि ती. शेजारी शेजारी. टॉपरला सुट्टी. देव आहे.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर फोन. बहुतेकांना राग नव्हता. डॉक्टरांचा दात कसा आहे एवढंच विचारत होते. मी प्रत्येकाला सांगितलं, बरा आहे.

चहाच्या वेळी मी हिंमत केली. विचारलं, त्या सोमवारी टॉपरच्या स्क्रीनवर असं काय होतं, एवढं हसायला?

ती म्हणाली, तुझं तारखेचं पान. चूक शोधता शोधता तू लिहून ठेवलेली टीप सापडली. ‘या ओळीला हात लावू नये. ही का चालते मला माहीत नाही. मीही असाच चालतोय.’



ती म्हणाली, मला वाटलं, हा मुलगा निदान खरं लिहितो. त्या दिवशी जेवायला विचारणार होते तुला. तर तू दाराशी भांडत होतास.

म्हणजे ते हसू माझं होतं. माझं मलाच बारा दिवस सहन झालं नव्हतं.

ती म्हणाली, माझं घरचं नाव बघितलंस, उघडलंस, तीन-तीनदा चालवलंस. मला विचारायला काय झालं होतं?

मी म्हणालो, आत्ता विचारलं तर?

तिने कप ठेवला, यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, पुढचा नंबर लाव.

लावला. एक आजी होत्या. डॉक्टरांना मऊ भात खायला सांग म्हणाल्या. सांगतो म्हणालो.

सहाला यादी संपली. राजीनामा सरांच्या टेबलावर तसाच होता, वर चहाच्या कपाचा गोल डाग. तो मागे घ्यायचा नाही असं मी ठरवलं. माणसाला स्वाभिमान असतो. बॅग उचलली. ती मान वर न करता म्हणाली, सोमवारी आधी ते तारखेचं पान बघ.

मी बाहेर पडलो आणि सगळा जोर लावून दार आपटलं. ते सुस्कारा टाकत, सावकाश लागलं. लागेपर्यंत मी काचेपाशी उभा होतो. ती बघत नव्हती.